न लिहिलेले नियम लिहून काढा : अनेक देशांतील सहकाऱ्यांची टीम सांभाळण्याची सविस्तर पद्धत

ऑनलाइन मीटिंग संपत आलेली असते. व्यवस्थापक विचारतो, "सगळ्यांना समजले ना? कोणाला काही शंका?" आणि पडद्यावरचे सगळे चेहरे गप्प राहतात. एक जण गप्प असतो कारण त्याला म्हणणे पटलेले असते. दुसरा गप्प असतो कारण वरिष्ठांच्या बोलण्यावर चारचौघांत शंका काढणे त्याच्या आजवरच्या कार्यालयांत उद्धटपणाचे मानले गेले आहे. तिसरी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवत असते आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. चौथ्याची अशी समजूत असते की खरी चर्चा मीटिंगनंतर दोघातिघांत होणारच आहे. व्यवस्थापक मात्र या चारही शांततांना होकार समजतो आणि पंधरा दिवसांनी काम अर्धवट आढळले की 'या लोकांना जबाबदारीची जाणीवच नाही' असे ठरवून मोकळा होतो.

बहुराष्ट्रीय कंपन्यांतील बरेचसे गैरसमज अशाच साध्या प्रसंगांतून सुरू होतात. प्रत्येक जण आपापल्या कार्यालयात नकळत शिकलेला नियम इमानाने पाळत असतो, आणि तो नियम समोरच्याला ठाऊक नाही हे त्याच्या ध्यानातही येत नाही. त्यामुळे अमुक देशाचे लोक असे आणि तमुक देशाचे तसे, ही यादी पाठ करण्यापेक्षा आपल्या टीमपुरते नियम उघडपणे लिहून काढणे कितीतरी अधिक उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे. ते कसे करावे, याची क्रमवार पद्धत पुढे दिली आहे.

पायरी पहिली : आधी स्वतःचे नियम कागदावर आणा

ज्या वातावरणात आपण काम शिकलो तिथले नियम आपल्याला नियम वाटतच नाहीत, ती जगाची साधी रीत वाटते. म्हणून टीमविषयी काही ठरवण्याआधी एक तास काढा आणि काही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे लिहा. मेलला किती वेळात उत्तर आले नाही तर मला राग येतो? हाताखालच्या माणसाने सगळ्यांसमोर माझी चूक दाखवली तर मला बरे वाटते की अपमान वाटतो? 'शुक्रवारपर्यंत द्या' असे मी म्हणतो तेव्हा मला शुक्रवारी सकाळी हवे असते, कार्यालय सुटताना हवे असते, की सोमवारी मी पाहीन त्याआधी आले तरी चालते? काम अडले तर लगेच कळवावे, की उपाय शोधून मगच यावे? एकदा झालेला निर्णय नवी माहिती आल्यावर बदलतो, की दिलेला शब्द म्हणजे शब्द?

या उत्तरांतून 'माझ्याबरोबर काम कसे करावे' असे एका पानाचे टिपण तयार करा आणि ते टीमला द्या. वरिष्ठांचा मान राखण्याची सवय असलेल्या सहकाऱ्यांना याचा विशेष आधार होतो, कारण 'माझी चूक दिसली तर मला सांगा, सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर चॅटवर सांगा' हे वरिष्ठानेच लिहून दिलेले असते आणि परवानगी मागायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

पायरी दुसरी : अभ्यासकांच्या मोजपट्ट्या वापरा, पण प्रश्न म्हणून

या विषयावर गंभीर संशोधन झालेले आहे आणि व्यवस्थापकाने त्यातील तीन नावे तरी ओळखीची करून घ्यावीत. एडवर्ड टी. हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ साली संदर्भाधिष्ठित आणि शब्दाधिष्ठित संवाद यांतील फरक मांडला. काही समाजांत अर्थाचा मोठा भाग न बोललेल्या गोष्टींत असतो : कोण बोलले, कधी बोलले, काय बोलायचे टाळले. इतरत्र जे शब्दांत आले तेवढेच खरे धरले जाते. पहिल्या पद्धतीत 'जरा अवघड आहे, पाहू या' हा स्पष्ट नकार असतो, तर दुसऱ्या पद्धतीतला माणूस त्यातील 'पाहू या' एवढेच ऐकतो आणि कामाला लागतो.

डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांचा अभ्यास केला आणि १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरिष्ठ-कनिष्ठांतील अंतर लोक किती स्वाभाविक मानतात, व्यक्तीला महत्त्व आहे की गटाला, अनिश्चितता किती सहन होते, अशा त्यांच्या मोजपट्ट्या आजही प्रशिक्षणवर्गांत शिकवल्या जातात. पुढे रॉबर्ट हाउस यांच्या पुढाकाराने झालेल्या 'ग्लोब' या संशोधनात ६२ समाजांतील सुमारे १७,००० मधल्या फळीतील व्यवस्थापकांची मते घेतली गेली. २००४ साली पुस्तकरूपाने आलेल्या या अभ्यासातील एक गोष्ट व्यवस्थापकाला धीर देणारी आहे. सचोटी, न्यायबुद्धी आणि विश्वासार्हता हे वरिष्ठाचे गुण सगळीकडेच मानले गेले. कोणत्याही टीमकडे जाताना एवढी शिदोरी आपल्याजवळ असतेच.

धोका आहे तो या मोजपट्ट्या माणसावर लावण्यात. हे आकडे देशाची सरासरी सांगतात, तुमच्या समोर बसलेल्या व्यक्तीविषयी काहीच सांगत नाहीत. तिचे वय, तिचा पेशा, तिने आधी कोणत्या कंपन्यांत काम केले, ती कुठे शिकली, हे सगळे तिच्या वागण्यात उतरलेले असते. दोन देशांतील लेखापालांना एकमेकांचे म्हणणे जितके पटकन कळते, तितके एकाच देशातील लेखापाल आणि विक्री प्रतिनिधी यांना कधी कधी कळत नाही. म्हणून मोजपट्टीतून फक्त प्रश्न घ्यावा ('निर्णय वरून यावा अशी यांची अपेक्षा असेल का?') आणि उत्तर त्या माणसाकडूनच मिळवावे.

पायरी तिसरी : पहिल्या महिन्यात प्रत्येकाशी एकेकट्याने बोला

टीम हाती आली की पहिल्या तीस दिवसांत प्रत्येक सहकाऱ्याशी किमान पाऊण तास स्वतंत्रपणे बोलावे. या भेटीत 'तुमच्या देशात कसे असते?' हा प्रश्न शक्यतो टाळा, कारण त्यामुळे समोरचा माणूस सहकारी न राहता त्याच्या देशाचा प्रतिनिधी होऊन बोलू लागतो. त्याऐवजी त्याच्या अनुभवाविषयी विचारा : तुमच्या आजवरच्या सर्वांत चांगल्या वरिष्ठाने तुम्हाला काम कसे नेमून दिले होते? एखादे काम बिघडले तेव्हा ते तुम्हाला कसे सांगितले गेले, आणि कसे सांगितले असते तर अधिक बरे झाले असते? वरिष्ठाशी मतभेद झाला तेव्हा तुम्ही तो कोणाजवळ आणि कसा बोलून दाखवला? या तीन उत्तरांतून जे कळते ते कोणत्याही तक्त्यातून कळत नाही.

याच भेटीत नावाचा उच्चार विचारून आपल्या लिपीत लिहून घ्या. चिनी, कोरियन, जपानी आणि हंगेरियन पद्धतीत आडनाव आधी येते, पण त्यांतील अनेक जण परदेशी लोकांशी व्यवहार करताना क्रम बदलतात. त्यामुळे कोणत्या नावाने हाक मारावी हे अंदाजाने न ठरवता विचारणेच योग्य. वर्षभर चुकीच्या नावाने हाक ऐकूनही भिडेपोटी गप्प राहणारी माणसे मी पाहिली आहेत.

पायरी चौथी : टीमचा करार तयार करा

आता दोन तासांची एक बैठक घ्या आणि दोन पानांपेक्षा मोठा नसलेला कामाचा करार सगळ्यांनी मिळून लिहा. हा या संपूर्ण पद्धतीचा कणा आहे, म्हणून त्यातील वाक्ये कशी असावीत हे जवळून पाहू या. 'आम्ही एकमेकांचा आदर करू' हे वाक्य करारात घालून काहीच साधत नाही, कारण आदर कशाला म्हणावे हाच तर प्रश्न आहे. उपयोगी वाक्ये अशी असतात :

"'हो' याचा अर्थ 'मी हे अमुक तारखेपर्यंत करतो' असा आहे. नुसते ऐकले असेल तर 'ऐकले' असे म्हणावे."

"काम अडल्यास त्याच दिवशी कळवावे, उपाय सापडलेला नसला तरी चालेल."

"तारखेत महिना अक्षरांत लिहावा." (०३/०४ ही तारीख अमेरिकेत ४ मार्च असते आणि ब्रिटनमध्ये ३ एप्रिल, माल पाठवण्याच्या कामात एवढा फरक महिनाभराचा घोळ घालू शकतो.)

"मेलच्या प्रतीत वरिष्ठांचे नाव घालायचे असल्यास पहिल्याच ओळीत कारण लिहावे."

शेवटचा नियम क्षुल्लक वाटेल, पण त्यावरून अनेक टीममध्ये मने दुखावतात. काही कार्यालयांत वरिष्ठांना प्रत पाठवणे ही साधी रीत असते, तर काही ठिकाणी तीच गोष्ट सरळ तक्रार समजली जाते. पाठवणाऱ्याला शिष्टाचार पाळल्याचे समाधान असते आणि मिळालेल्याला वाटते की आपले नाव वर कळवले गेले.

करार लिहिताना एक खबरदारी घ्या. मुख्यालयातील लोकांच्या सवयी 'सर्वसामान्य' आणि इतरांच्या सवयी 'सवलत' असा तो होऊ देऊ नका. प्रत्येक कार्यालयाने आपला किमान एक आग्रह सोडला आहे आणि एक राखला आहे, असे दिसले पाहिजे. तसे झाले नाही तर करार कागदावरच राहतो.

पायरी पाचवी : मीटिंग आणि निर्णय यांची रीत ठरवा

निर्णय नेमका कुठे होतो, याविषयी निरनिराळ्या कार्यालयांत मूलभूत फरक असतो. जपानी कंपन्यांत 'नेमावाशी' नावाची पद्धत आहे. झाड दुसरीकडे लावण्यापूर्वी त्याच्या मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करणे, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. प्रस्ताव बैठकीत येण्याआधी संबंधित प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणे झालेले असते, आणि बैठक हे जुळलेल्या मतावर शिक्कामोर्तब करण्याचे ठिकाण असते. अशा टीमसमोर भर बैठकीत अगदी नवा प्रस्ताव टाकून 'बोला, काय वाटते?' असे विचारले तर उत्तर येत नाही, आणि ते न येण्यात त्यांच्या दृष्टीने काहीच गैर नसते. उलट जिथे बैठकीतील कडाक्याचा वाद हेच आस्थेचे लक्षण मानतात, तिथल्या सहकाऱ्यांना आधीच बोलणी झालेली दिसली की आपल्या पाठीमागे ठरवाठरवी झाली असे वाटते.

दोन्ही बाजूंना सामावून घेणारी व्यवस्था करता येते. प्रस्ताव दोन पानांत लिहून किमान दोन दिवस आधी सर्वांना पाठवावा. ज्यांना बोलण्यापेक्षा लिहिणे सोयीचे आहे त्यांनी त्यावर लेखी मते नोंदवावीत, आणि व्यवस्थापकाने स्वतःचे मत शेवटपर्यंत राखून ठेवावे, कारण वरिष्ठाने आधी बाजू घेतली की अनेकांच्या दृष्टीने चर्चा तिथेच संपते. बैठकीत लेखी आलेले आक्षेप मांडणाऱ्यांच्या नावांशिवाय वाचून दाखवावेत. प्रस्तावाच्या वरच्या ओळीत ही बैठक माहितीसाठी आहे, चर्चेसाठी आहे की निर्णयासाठी, हे लिहिलेले असावे. निर्णय कोण घेणार तेही स्पष्ट असावे : सर्वानुमते, बहुमताने, की सर्वांचे ऐकून एक व्यक्ती.

आता सुरुवातीच्या त्या प्रश्नाकडे वळू. 'समजले ना?' या प्रश्नाला 'हो' हे एकच सभ्य उत्तर असते, म्हणून तो प्रश्नच सोडून द्यावा. त्याऐवजी 'यातील सर्वांत आधी कोणती गोष्ट हाती घेणार आहात?', 'कुठे अडकण्याची शक्यता आहे?' किंवा 'हे काम मी दिलेल्या मुदतीत करायचे झाले तर दुसरे कोणते काम मागे पडेल?' असे विचारावे. तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात 'नाही' म्हणण्याची गरज न पडता नकाराची सगळी माहिती मिळते.

भाषेचा भार सर्वांवर सारखा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. राकुतेन या जपानी कंपनीने २०१० मध्ये इंग्रजी ही कामकाजाची भाषा करण्याची घोषणा केली आणि २०१२ पासून ती पूर्णपणे अमलात आणली. एवढा मोठा बदल करायला दोन वर्षे द्यावी लागली, यावरून हे काम किती जड आहे हे कळते. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनी सावकाश बोलावे, खेळांतील वाक्प्रचार टाळावेत आणि प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहा अंक मोजेपर्यंत शांत राहावे. ही शांतता अवघड वाटते, पण त्या दहा सेकंदांत इतरांची वाक्ये जुळून येतात.

पायरी सहावी : अभिप्राय देताना मात्रा सांभाळा

एकच चूक तीन प्रकारे सांगता येते. "हा अहवाल असाच ग्राहकाला पाठवता येणार नाही, तिसऱ्या भागातील आकडे चुकले आहेत." "अहवाल चांगला झाला आहे. तिसऱ्या भागातील आकडे एकदा तपासून घ्यावेत असे वाटते." "तिसऱ्या भागासाठी आकडे कुठून घेतले होते?" तिन्ही वाक्यांमागे हेतू एकच आहे. पहिले वाक्य ऐकून एखादा सहकारी आठवडाभर खचून जातो, तर तिसरे ऐकून दुसरा आनंदाने आकड्यांचा स्रोत सांगतो आणि अहवाल तसाच पाठवून देतो.

त्यामुळे अभिप्रायाचे दोन भाग वेगळे करावेत. काय बदलायचे आणि कधीपर्यंत, हा भाग सर्वांसाठी सारखाच स्पष्ट असावा आणि बोलणे झाल्यावर दोन ओळींत लिहून पाठवावा. तो कोणत्या सुरात आणि किती प्रस्तावना करून सांगायचा, हे मात्र तिसऱ्या पायरीतील संभाषणावरून प्रत्येकासाठी ठरवावे. चूक नेहमी एकांतात सांगावी, हा नियम कुठेही नुकसान करत नाही. कौतुकाचे तसे नाही : काही जणांना चारचौघांतील स्तुतीने हुरूप येतो, पण गटाला महत्त्व देणाऱ्या वातावरणात वाढलेल्या व्यक्तीला एकटीचेच नाव पुढे आल्याने सहकाऱ्यांसमोर संकोच वाटू शकतो. अशा वेळी गटाचे कौतुक सर्वांसमोर करावे आणि व्यक्तीचे पत्रातून.

पायरी सातवी : घड्याळ आणि कॅलेंडर

सर्व देशांच्या सुट्ट्या एका सामायिक कॅलेंडरमध्ये वर्षाच्या सुरुवातीलाच भराव्यात. आठवड्याची सुट्टीही सगळीकडे सारखी नसते. सौदी अरेबियात ती २०१३ पासून शुक्रवार-शनिवारी असते. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार पूर्ण आणि शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी असते. युरोपीय संघात उन्हाळ्यासाठी घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात, तर अमेरिकेत त्याच महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. म्हणून दर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे नेहमीच्या मीटिंगची वेळ एका बाजूला तासाने सरकते. उशिरा रात्रीची किंवा भल्या पहाटेची मीटिंग कायम एकाच कार्यालयाच्या वाट्याला येऊ देऊ नये. दर तिमाहीला वेळ बदलावी आणि गैरसोयीच्या वेळी व्यवस्थापकाने स्वतः हजर राहावे. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. तिथल्या सहकाऱ्याने रात्री उत्तर दिले नाही म्हणून त्याच्या निष्ठेविषयी शंका घेणे चुकीचे ठरेल.

पायरी आठवी : काय वाकते आणि काय वाकत नाही

सर्व गोष्टी स्थानिक पद्धतीवर सोडता येत नाहीत. लाच, लैंगिक छळ, सुरक्षिततेचे नियम आणि हिशेबातील खरेपणा यांविषयी सर्व कार्यालयांत एकच मापदंड हवा. अमेरिकेचा विदेशी लाचखोरीविरुद्धचा १९७७ चा कायदा आणि ब्रिटनचा २०१० चा लाचखोरी कायदा हे त्या देशांबाहेर झालेल्या व्यवहारांपर्यंतही पोहोचू शकतात. त्यामुळे 'इकडे असेच चालते' हे उत्तर टिकत नाही. भेटवस्तू किती रकमेपर्यंत घ्यायची आणि ती कुठे नोंदवायची, हे लिहूनच द्यावे.

दुसऱ्या बाजूला, मुख्यालयाचा नियम जसाच्या तसा उचलून नेणेही महागात पडते. वॉलमार्ट या अमेरिकन दुकान-साखळीने १९९७ मध्ये जर्मनीत प्रवेश केला आणि २००६ मध्ये तेथील दुकाने विकून ती बाहेर पडली. अपयशाची कारणे अनेक होती, तीव्र किंमत-स्पर्धा हे त्यांतील मोठे. पण कर्मचाऱ्यांसाठीच्या तिच्या आचारसंहितेतील काही कलमे जर्मन कामगार न्यायालयांनी २००५ मध्ये अमान्य केली होती. त्यांत कर्मचाऱ्यांच्या खासगी प्रेमसंबंधांविषयीचे कलम होते, आणि कामगार परिषदेची (कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या मंडळाची) संमती न घेता लागू केलेले नियमही होते. जर्मनीत अशा परिषदेला अनेक बाबतींत सहनिर्णयाचा कायदेशीर हक्क आहे. म्हणून नवा नियम लागू करण्याआधी त्या देशातील एचआर आणि कायदेविषयक सल्लागार यांचे लेखी मत घ्यावे, आणि ते मसुद्याच्या टप्प्यावरच घ्यावे.

पायरी नववी : मूल्यमापन आणि बढती

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती याच ठिकाणाची, कारण येथे झालेला अन्याय दिसत नाही. स्वतःच्या कामाचे वर्णन स्वतः करायला सांगणारे फॉर्म हे आपले कर्तृत्व मोकळेपणाने सांगणाऱ्यांना फळतात. 'टीमने केले' असे लिहिण्याची सवय असलेला माणूस तेवढेच काम करूनही मागे राहतो. 'पुढाकार घेतो', 'आत्मविश्वासाने बोलतो' असे निकष दिसायला निःपक्षपाती असतात, पण त्यांतून एका विशिष्ट पद्धतीने वागणाऱ्यांचीच निवड होते. निकष कृतीच्या भाषेत लिहावेत : कोणते काम, कोणत्या मुदतीत, कोणत्या दर्जाचे, आणि त्यामुळे इतर कोणाचे काम सुकर झाले. फॉर्मसोबत त्या व्यक्तीबरोबर काम केलेल्या दोन सहकाऱ्यांकडून ठोस उदाहरणे मागवावीत. बढतीची यादी अंतिम करण्यापूर्वी ती कार्यालयवार मांडून पाहावी, आणि मुख्यालयाजवळचीच नावे वर आलेली दिसली तर प्रत्येक नावामागील पुरावा पुन्हा वाचावा.

टीमचा करार दर तिमाहीला उघडून पाहावा; वापरात नसलेले नियम काढून टाकावेत. नवा सहकारी आला की त्याला तो पहिल्या दिवशी द्यावा आणि तिसऱ्या आठवड्यात एकच प्रश्न विचारावा : "इथे असे काय चालते, जे या दोन पानांत कुठेच लिहिलेले नाही?" तोपर्यंत त्याची नजर नवीनच असते. तो जे सांगेल ते त्याच्यासमोरच करारात लिहून घ्यावे.